पुळणीतल्या विहिरीचं पाणी बिघडलं तर: खारेपणा समुद्राचा की शोषखड्ड्याचा, हे ओळखण्याची रीत

देवबाग, तारकर्ली, शिरोडा, गुहागर, आक्षी, नागाव अशा वाळूच्या पट्ट्यातल्या लोकांकडून मला एकच प्रश्न पुन्हापुन्हा येतो. सोबत मोबाइलवर काढलेला पाण्याच्या रिपोर्टचा फोटो असतो. "पाणी मचूळ लागतंय, बाव (विहीर) आणखी खोल मारू का?" रिपोर्ट पाहिला की बहुतेक वेळा त्यावरून काहीच सांगता येत नाही असं दिसतं. बाटली टाकीच्या नळाखाली भरलेली असते, कोणत्या दिवशी, भरतीला की ओहोटीला याची नोंद नसते, आणि तपासणी फक्त टीडीएसची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांची, केलेली असते.

वाळूतल्या विहिरीला दोन वेगळे धोके असतात. खालून समुद्राचं पाणी येतं आणि वरून संडासाचं. दोन्हींमुळे पाणी खारट होतं, पण उपाय मात्र उलटे आहेत. त्यामुळे निदान चुकलं की खर्च वाया जातो आणि पाणीही आणखी बिघडतं. खाली दिलेला क्रम मोडू नका. घाईत सगळे पाचव्या टप्प्यापासून सुरुवात करतात.

## आधी एवढं डोक्यात पक्कं करा

गोडं पाणी हलकं असतं, खारं जड. पुळणीखाली पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगत असतं. समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १.०२५ धरली, तर भूजलपातळी समुद्रसपाटीच्या वर जितकी असते, त्याच्या साधारण ४० पट खाली गोडं पाणी पोचतं. हा हिशेब स्थिर पाण्याचा आहे. प्रत्यक्षात गोड्या-खाऱ्याची सीमा रेघेसारखी नसते, मधे मचूळ पाण्याचा जाड थर असतो, आणि वाळू संपून खाली खडक किंवा चिकणमाती लागली की गणित बदलतं. तरी यातली एक गोष्ट कायम खरी ठरते. मोटारीने पातळी १ फूट उतरवून ठेवली, तर खारं पाणी कालांतराने कितीतरी फूट वर चढू शकतं. म्हणून "खोल मारू का" याचं उत्तर जवळजवळ नेहमी "नको" असंच असतं.

देवबागसारख्या चिंचोळ्या पट्टीत एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आहे. तिथलं भिंग दोन्हीकडून खाऱ्या पाण्याने धरलेलं आहे. डोंगरातून येणारा झरा तिथे नाही. जे काही गोडं पाणी आहे ते तिथल्याच वाळूत मुरलेल्या पावसाचं.

## टप्पा १: तयारी

हातात धरायचा विद्युतवाहकता मीटर लागेल, म्हणजे ईसी मीटर. आकडा मायक्रोसीमेन्समध्ये दाखवणारा आणि तापमानाचा फरक स्वतः सावरणारा घ्या. सोबत १,४१३ मायक्रोसीमेन्सचं प्रमाणित द्रावण आणा. मोजणीच्या दिवशी मीटर आधी त्यात बुडवून पाहायचा. आकडा १,३५० ते १,४७५ च्या बाहेर गेला, तर मीटर नीट करून घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही.

टीडीएस पेनवर भिस्त ठेवू नका. ते पेनही वाहकताच मोजतं आणि तिला ठरलेल्या आकड्याने गुणून टीडीएस दाखवतं. कुठलं पेन ०.५ ने गुणतं, कुठलं ०.७ ने. त्यामुळे एकाच बादलीत दोन पेनं बुडवली की दोन आकडे येतात आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यात वाद होतो. शिवाय मैल्यातले जंतू पेनाला दिसतच नाहीत.

बाकीच्या वस्तू घरातल्याच आहेत. मापाची टेप, वजन बांधलेली दोरी, बूच असलेली काचेची बाटली (बुचाला वेगळी सुतळी बांधायची), बर्फाचा डबा, न पुसणारं पेन आणि वही. नमुन्यासाठी १ लिटरची स्वच्छ प्लास्टिक बाटली, आणि जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेतूनच आणलेली निर्जंतुक बाटली. ही दुसरी बाटली घरी उकळून तयार करायच्या भानगडीत पडू नका. क्लोरिन मारणारी थोडी भुकटी प्रयोगशाळेने तिच्यात आधीच घातलेली असते.

प्रयोगशाळेला आधी फोन करा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यात आणि काही तालुक्यांत आहेत. जंतूंचा नमुना कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत घेतात हे विचारून मगच नमुन्याचा दिवस ठरवा. शनिवारी दुपारी नमुना नेऊन सोमवारी तपासायला लावलात, तर तो रिपोर्ट रद्दी समजा.

## टप्पा २: वाडीचा नकाशा

एका कागदावर विहीर मधे काढा. तिच्याभोवती आपला आणि शेजाऱ्यांचा सेप्टिक टँक, शोषखड्डे, गोठा, शेणखड्डा, माडांना खत घालतो ती आळी, धुणं-भांड्यांच्या सांडपाण्याची जागा, बाजूच्या बोअर, खाडी आणि भरतीची रेघ मांडा. प्रत्येकाचं अंतर टेपने मोजा. "असेल पन्नास फूट" असा अंदाज चालणार नाही. मी मोजायला लावलं तेव्हा त्या पन्नास फुटांचे बऱ्याचदा तीस निघाले.

विहीर आणि शोषखड्डा यांत १५ मीटर अंतर हवं, हा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. वाळूत तेवढ्यावर विसंबू नका. समजा वाळूतून पाणी मुरण्याचा वेग दिवसाला २० मीटर आहे, मोटार चालू असताना पातळीचा उतार ५० ला १ आहे, आणि वाळूत ३० टक्के पोकळी आहे. मग पाणी प्रत्यक्षात दिवसाला १.३ मीटर सरकतं (२० भागिले ५०, आणि आलेल्याला भागिले ०.३). १५ मीटर कापायला त्याला बारा दिवसही लागत नाहीत. जर्मनीत पिण्याच्या विहिरीभोवतीचं आतलं संरक्षित क्षेत्र ५० दिवसांच्या प्रवासावर ठरवतात, कारण जंतू मरायला तेवढे दिवस द्यावे लागतात.

मैला कुठल्या दिशेने सरकतो हे पाहायला तीन विहिरी पुरतात. गवंडी लेव्हलसाठी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या. तिने तिन्ही कठड्यांवर एकाच पातळीच्या खुणा करा आणि प्रत्येक खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. जास्त उंच पातळीकडून कमी पातळीकडे पाणी जातं. आपली विहीर कुणाच्या शोषखड्ड्याच्या "खाली" येते ते कागदावर लगेच दिसतं. खाडी आणि समुद्राच्या मधल्या पट्टीत अर्धं पाणी एका बाजूला जातं आणि अर्धं दुसऱ्या बाजूला, त्यामुळे शेजाऱ्याचं उत्तर तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

पडताळा: नकाशावर शेजाऱ्याचा शोषखड्डा आलाय का? आपलाच तेवढा काढून थांबलात तर पुढचं सगळं अर्धवट राहील.

## टप्पा ३: दिवस आणि वेळ

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. किनाऱ्याजवळच्या विहिरीत पातळी भरती-ओहोटीबरोबर हलते आणि वाहकताही बदलते. एकदा उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या) भरतीला आणि एकदा भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या, कमी चढउताराच्या) ओहोटीला मोजून "पाणी सुधारलं" म्हणायला अर्थ नाही.

भरतीची वेळ काढायची कोळ्यांची रीत तुम्हाला ठाऊक असेलच: तिथीला पाऊणने गुणायचं. पौर्णिमेला १५ गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास भरती. अष्टमीला ८ गुणिले पाऊण, म्हणजे सहा. हा ढोबळ हिशेब आहे, गावागणिक थोडा मागेपुढे होतो, पण आपल्या कामाला पुरतो.

म्हणून नेहमीच्या मोजणीला मी अष्टमीची सकाळ सांगतो. शुद्ध आणि वद्य दोन्ही अष्टम्या धरल्या की पंधरवड्याला एक नोंद होते. त्या दिवशी भांगाची भरती असल्याने पाण्याची चढउतार कमी असते, आणि सकाळी सहाला कुणाची मोटारही चालू नसते. दर वेळी समुद्र त्याच अवस्थेत असतो, त्यामुळे आकड्यातला फरक विहिरीचाच मानता येतो.

याशिवाय वर्षातून दोन नमुने प्रयोगशाळेत द्या:

- वैशाख अमावास्येच्या आसपास, पाऊस लागण्याआधी. तेव्हा पातळी सगळ्यात खाली असते आणि उधाणही असतं. खारेपणा यात पकडला जातो.
- श्रावण-भाद्रपदात. तेव्हा भूजल इतकं वर येतं की शोषखड्ड्याचा तळ पाण्यात बुडतो. जंतू या नमुन्यात सापडतात.

पहिलाच नमुना देऊन "आमच्याकडे जंतू नाहीत" म्हणणारे खूप भेटतात. मे महिन्यात खड्डा आणि पाणी यांच्यात दोन मीटर कोरडी वाळू असते, ती बरंच गाळून घेते. ऑगस्टमध्ये ती वाळूच पाण्याखाली जाते.

## टप्पा ४: विहिरीत खोलीनुसार मोजणी

हे काम मोटार सुरू करण्यापूर्वी करायचं, शक्य तर रात्रभर उपसा बंद ठेवून.

१. कठड्यावर कायमची खूण करा. खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा आणि तारीख-तिथीसह लिहा.

२. बूच लावलेली बाटली वजन बांधून पाण्याच्या पृष्ठभागाखाली एक फुटावर सोडा. सुतळी ओढून बूच काढा, बुडबुडे थांबले की वर घ्या, ईसी मोजा.

३. मधल्या खोलीवर तेच.

४. तळापासून एक फूट वर तेच. तळाला टेकवू नका, गाळ ढवळला जातो.

आता तिन्ही आकडे शेजारी ठेवा. वर ६००, मधे ६५० आणि तळाशी २,१०० असेल, तर खारं पाणी खालून येतंय. तिन्ही जवळपास सारखे असतील, तर एका मोजणीवरून निष्कर्ष काढता येत नाही, कारण नुकत्याच झालेल्या उपशाने किंवा बादल्यांनीही पाणी ढवळलेलं असू शकतं. वरचं पाणी खालच्यापेक्षा खारट निघालं, तर समुद्राला दोष देण्याआधी वरून काय पडतं ते शोधा. सांडपाणी, मासे धुतलेलं पाणी, जाळी धुण्याची जागा, किंवा उधाणाची लाट आत येऊन गेली का.

बोअर किंवा फिल्टर पॉइंट (वाळूत उतरवलेली जाळीची नळी) असेल तर ही मोजणी करता येत नाही. मोटार सुरू करून पहिल्या मिनिटाचा ईसी घ्या, मग दर दहा मिनिटांनी तासभर घ्या. आकडा सतत चढत गेला तर खालचं खारं पाणी ओढलं जातंय. इथेच एक इशारा: चढणारा आकडा पाहिला की मोटार बंद करा, "बघू किती चढतो" म्हणून चालू ठेवू नका. वर ओढलेलं खारं पाणी परत खाली बसायला महिने लागतात.

## टप्पा ५: नमुना भरणं

नमुना टाकीतून घ्यायचा नाही, फिल्टरनंतरच्या नळातून तर नाहीच. विहिरीतून किंवा मोटारीच्या पहिल्या तोटीतून घ्या. बोअर असेल तर पाच-पाच मिनिटांनी ईसी मोजा. सलग तीन आकड्यांत ५ टक्क्यांहून कमी फरक राहिला की पाणी भरायला तयार झालं समजा. बोअरच्या नळीत रात्रभर साचलेलं पाणी भूजलाबद्दल काहीच सांगत नाही.

रासायनिक तपासणीची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा आणि काठोकाठ भरा. जंतूंची बाटली कधीही विसळायची नाही, तिच्यातली भुकटी वाहून जाते. झाकणाच्या आत बोट लावू नका, तोंड वर करून हवेत धरू नका, आणि वर दोन बोटं जागा मोकळी ठेवा. तोटी धातूची असेल तर आधी गॅसच्या ज्योतीने भाजून घ्या.

दोन्ही बाटल्या बर्फाच्या डब्यात. जंतूंचा नमुना सहा तासांत पोचवलेला बरा, चोवीस तासांच्या पुढे नाहीच. चिठ्ठीवर तारीख, वेळ, तिथी, भरती की ओहोटी, पाण्याची पातळी आणि जागेवर मोजलेला ईसी लिहा.

सावधान: विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर लगेच जंतूंचा नमुना देऊ नका. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने कालच पावडर टाकली असेल, तर रिपोर्ट "निरंक" येणार आणि तुम्ही निश्चिंत होणार.

तपासणीत काय मागायचं? पीएच, ईसी, क्षारता, कठीणपणा, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट, अमोनिया, लोह, आणि एकूण कोलिफॉर्म जंतूंसोबत ई. कोलाय (हे जंतू मैल्याची खूण). सोडियम आणि सल्फेट वगळून पैसे वाचवू नका, निदान त्यांच्यावरच उभं आहे.

## टप्पा ६: रिपोर्ट खरा आहे का, ते पाहा

मर्यादा ओलांडली का ते बघण्याआधी हे करा. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे धन आणि ऋण विद्युतभाराचे कण (आयन) असतात, आणि दोन्हींचा भार सारखा असतो. रिपोर्टमधल्या प्रत्येक आकड्याला (लिटरला मि.ग्रॅ.) त्याच्या भाजकाने भागा: सोडियम २३, पोटॅशियम ३९, कॅल्शियम २०, मॅग्नेशियम १२.२, क्लोराइड ३५.५, सल्फेट ४८, नायट्रेट ६२. क्षारता कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात दिलेली असते, तिला ५० ने भागा.

उदाहरणासाठी एक विहीर घेऊ, तिला "अ" म्हणू. सोडियम २४५, पोटॅशियम १०, कॅल्शियम ४८, मॅग्नेशियम ३४. भागून बेरीज १६.१. क्लोराइड ४३०, सल्फेट ६०, नायट्रेट ५, क्षारता १२३. भागून बेरीज १५.९. दोन्हींतला फरक ०.२, एकूण ३२, म्हणजे १ टक्क्याच्या आत. रिपोर्ट विश्वासाचा. फरक ५ टक्क्यांपर्यंत चांगला, १० पर्यंत चालवून घ्या, त्यापुढे प्रयोगशाळेला परत तपासायला सांगा. दुसरी खूण अशी की जागेवरचा ईसी १०० ने भागला की साधारण हीच बेरीज यायला हवी. इथे ईसी १,६२० होता.

नायट्रेटमध्ये एक सापळा आहे. काही रिपोर्ट नायट्रेट देतात, काही नायट्रेटमधला नुसता नायट्रोजन. दुसऱ्याला ४.४ ने गुणावं लागतं. रिपोर्टवर ११ पाहून "४५ च्या मर्यादेच्या कितीतरी खाली" म्हणणाऱ्याच्या पाण्यात प्रत्यक्षात ४८ असू शकतं.

## टप्पा ७: निदान

समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १९,००० मि.ग्रॅ. क्लोराइड, २,७०० सल्फेट आणि १,३०० मॅग्नेशियम असतं. नायट्रेट जवळपास नसतं. हे तीन आकडे आणि ती एक अनुपस्थिती, यांवर निदान होतं.

परिसरातल्या चांगल्या विहिरीचं क्लोराइड किती, ते आधी शोधा. समजा ४०. "अ" विहिरीत ४३०. वाढ ३९०. तिला १९,००० ने भागलं की ०.०२, म्हणजे शंभर भागांत दोन भाग समुद्र. आता उलटं तपासा: २ टक्के समुद्र मिसळला असेल तर सल्फेट ५४ आणि मॅग्नेशियम २६ ने वाढलेलं हवं. रिपोर्टमध्ये ६० आणि ३४ आहे. जुळलं. नायट्रेट नाही. हा खारेपणा समुद्राचा. अवघ्या २ टक्क्यांनी पाणी भारतीय मानकाच्या २५० च्या पसंत मर्यादेबाहेर गेलं.

आता "ब" विहीर घ्या. क्लोराइड १३०, नायट्रेट ७२, ई. कोलाय सापडलेले. क्लोराइडची वाढ ९०. हे समुद्राचं असतं तर अर्धा टक्का मिश्रण झालं असतं, आणि त्याने नायट्रेट मुळीच वाढलं नसतं. हे मीठ आपल्याच जेवणातलं आहे, संडासातून विहिरीत आलेलं. "ब" चं पाणी चवीला "अ" पेक्षा कितीतरी गोड लागतं आणि लोक तेच आवडीने पितात. माझ्या मते किनाऱ्यावरचा खरा धोका हा आहे. मचूळ पाणी माणूस आपोआप टाळतो. गोड लागणाऱ्या पाण्यावर कुणाचा संशय जात नाही.

निदान करताना फसवणाऱ्या चार गोष्टी:

नायट्रेट नाही म्हणजे मैला नाही, असं नाही. कांदळवनाजवळ किंवा काळ्या चिखलाच्या थरात प्राणवायू नसतो. तिथे नायट्रेट नाहीसं होतं, आणि अमोनिया आणि लोह वाढतं. पाण्याला कुजल्या अंड्याचा वास येतो. अशा पाण्यात अमोनिया आणि ई. कोलाय पाहा.

काळी पडणारी बाटली. गावात जंतूंसाठी हायड्रोजन सल्फाइडची बाटली वापरतात, पाणी काळं झालं की दूषित. पण ज्या पाण्याला आधीच अंड्याचा वास आहे, ते जंतूंशिवायही काळं होऊ शकतं. तिथे प्रयोगशाळेचीच तपासणी.

कठीणपणा. शंखशिंपल्यांचा चुरा असलेल्या वाळूत कॅल्शियम विरघळतंच. साबणाला फेस येत नाही म्हणून समुद्र घुसला असं नाही. कॅल्शियमपेक्षा मॅग्नेशियमचा भार जास्त झाला तर मात्र लक्ष द्या. "अ" मध्ये २.४ विरुद्ध २.८ आहे.

विक्रेत्याचा प्रयोग. दोन ग्लासांत विजेच्या कांड्या घालून तुमचं पाणी तांबडं-काळं करून दाखवतात. तो गंज कांडीतल्या लोखंडाचा असतो. क्षार असलेलं कोणतंही पाणी, अगदी उत्तम सुद्धा, असंच तांबडं होतं.

सोडियम आणि क्लोराइड यांच्या भागलेल्या आकड्यांचं गुणोत्तर समुद्रात ०.८६ असतं. तुमच्याकडे ते त्याहून बरंच खाली गेलं असेल तर खारं पाणी अजून पुढे सरकतंय असा संशय घ्या. १ च्या वर असेल तर बहुधा गोडं पाणी त्याला परत रेटतंय. शुद्ध वाळूत ही खूण फिकी असते, चिकणमातीचे पदर असतील तिथे स्पष्ट दिसते.

## टप्पा ८अ: समुद्र निघाला तर

खोदाई बंद. फूटवाल्व्ह (मोटारीच्या ओढनळीच्या तळाची झडप) वर घ्या, उन्हाळ्यातल्या सगळ्यात खालच्या पातळीपेक्षा जेमतेम दोन फूट खाली. मोठी मोटार काढून लहान लावा. एक तास जोरात उपसण्याऐवजी चार तास हळू उपसा आणि टाकी मोठी ठेवा. एका खोल विहिरीपेक्षा पन्नास-साठ फुटांवरच्या दोन-तीन उथळ विहिरी बऱ्या, कारण प्रत्येकीत पातळी कमी उतरते.

एकांनी पर्यटकांसाठी खोल्या वाढवल्या आणि जुनी अठरा फुटांची विहीर सोडून शेजारी साठ फुटांची बोअर मारली. पहिले दोन महिने पाणी भरपूर मिळालं. मे महिन्यात बोअर खारी झाली आणि जूनपर्यंत जुनी विहीरही मचूळ झाली. बोअर बंद केल्यावर जुनी विहीर पूर्ववत व्हायला दोन पावसाळे लागले.

छतावरचं पाणी विहिरीशेजारी मुरवायचा सल्ला सगळीकडे मिळतो. १०० चौरस मीटर छत आणि ३,००० मि.मी. पाऊस धरला तर निम्म्याहून बरंच जास्त, दोन लाखांवर लिटर पाणी हाती येतं. पण जुलैत पुळणीतली पातळी जमिनीला टेकलेली असते. तेव्हा मुरवलेलं बरंचसं पाणी काही दिवसांत समुद्राकडे निघून जातं. माझं मत असं की वाळूत आधी साठवणटाकी बांधा, आणि मुरवायचं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस मुरवा.

उधाणाची लाट विहिरीत शिरली तर पाणी घाईने उपसू नका. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर विहिरी पुन्हापुन्हा उपसल्या गेल्या, आणि जोरदार उपशाने खालचं खारं पाणी वर येण्याचाच धोका वाढला. तिथल्या वाळूतलं पाणी मुख्यतः पावसानेच सुधारलं. कचरा काढा, एकदा हलका उपसा करा, निर्जंतुक करा, आणि पावसाची वाट पाहा.

## टप्पा ८ब: मैला निघाला तर

आधी पिण्याचं पाणी बदला. तान्ह्या बाळाच्या दुधासाठी हे पाणी उकळूनही वापरू नका. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मात्र पाणी आटल्यावर वाढतं. क्लोरिननेही ते जात नाही.

मग टप्पा २ मधला नकाशा समोर घ्या. चढावर असलेला शोषखड्डा बंद करून विहिरीच्या उतारावर हलवा. त्याचा तळ पावसाळी पातळीपेक्षा २ मीटर वर राहायला हवा. देवबागसारख्या ठिकाणी हे शक्यच होत नाही. तिथे खड्ड्याचा हट्ट सोडा. न झिरपणारी टाकी बांधून ती वेळच्या वेळी उपसून न्या, किंवा टाकीचं पाणी जमिनीच्या वर रचलेल्या वाळू-मातीच्या वाफ्यात सोडा आणि त्यात केळी-कर्दळ लावा. विहिरीच्या वरच्या तीन मीटरमधल्या रिंगांचे सांधे सिमेंटने भरा, भोवती उताराचा ओटा करा, झाकण बसवा.

हे झाल्यावरच निर्जंतुकीकरण. गोल विहिरीतलं पाणी लिटरमध्ये = ७८५ × व्यास × व्यास × पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये). व्यास २.५ आणि खोली ३ असेल तर सुमारे १४,७०० लिटर. हजार लिटरला २.५ ग्रॅम चांगली टीसीएल धरली की ३७ ग्रॅम. पाणी गढूळ किंवा पावडर जुनी असेल तर जास्त लागते. पावडरची आधी घट्ट पेस्ट करा, मग बादलीभर पाण्यात ढवळून दहा मिनिटं ठेवा. वरची निवळीच विहिरीत सोडा, खालचा चुना नाही. तो गेला तर पाण्याचा कठीणपणा वाढतो. तासाभराने ओटी चाचणी करा, म्हणजे पाण्यात उरलेला क्लोरिन रंगावरून पाहा. पिवळा रंग ०.५ च्या पट्टीशी जुळला पाहिजे. नाही जुळला तर पुन्हा डोस द्या. चाचणीचं पाणी ओतून टाका, पिऊ नका.

सावधान: आरओ बसवलंत तर त्याचं सोडलेलं खारं पाणी कुठे जातं ते पाहा. वाळूत ओतलं तर ते तुमच्याच विहिरीत परत येतं, आधीपेक्षा घट्ट होऊन. एका वाडीत दहा घरांनी आरओ लावले की त्या वाडीचं भूजल हळूहळू खारं होत जातं.

## टप्पा ९: वही

वहीत पाच रकाने करा: तिथी, पातळी, वरचा ईसी, तळाचा ईसी, त्या आठवड्यात मोटार रोज किती तास चालली. दर अष्टमीला एक ओळ. तळाचा ईसी सलग तीन अष्टम्या चढला आणि वरचा स्थिर असला, तर उपसा एक तृतीयांशाने कमी करा आणि पुढच्या अष्टमीला काय होतं ते पाहा. वरचा ईसी पावसाळ्यात उतरण्याऐवजी चढला, तर प्रयोगशाळेच्या तारखेची वाट न पाहता जंतूंची बाटली आणायला निघा.

उपाय केल्यावर लगेच दुसऱ्या आठवड्यात पूर्ण तपासणी करून निराश होऊ नका. समुद्राच्या बाबतीत फरक एका पावसाळ्यानंतर पाहायचा. शोषखड्डा हलवला असेल तर नकाशावरचं जुन्या खड्ड्याचं अंतर घ्या, त्याला सरकण्याच्या वेगाने भागा, आणि आलेल्या दिवसांच्या दुप्पट दिवस थांबून नमुना द्या. तोवर टीसीएल आणि ओटी चाचणी चालू ठेवा, फक्त नमुन्याच्या आधी पाण्यातला क्लोरिन उतरू द्या.